बारशाला उशीर

खिशात कांदा आहे ना? असू द्या. मे महिन्यात भर दुपारी नांदुऱ्याच्या फलाटावर उभं राहायचं तर वऱ्हाडात शहाणा माणूस कांदा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि आज तुम्हाला बरंच लांब जायचंय. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चपलेतून चटका वर येतोय, रुळांवरची हवा थरथरतेय. पारा पंचेचाळीसला टेकलाय. भुसावळकडून येणारी गाडी तासभर लेट आहे आणि नळाला येणाऱ्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकली तरी भागेल. शेडच्या सावलीत एक गाय रवंथ करत बसलीय, कानात पिवळा बिल्ला. तिच्याशेजारच्या बाकड्यावर टेका. डोळे मिटा.

आता वास घ्या. तापलेल्या रुळांचा वास गेला ना? त्याजागी खारं वारं, डिझेल, ओला दोरखंड आणि लोहखनिजाची तांबडी धूळ. हे मुरगाव बंदर. साल १९८३, डिसेंबरचे पहिले दिवस. समोर उभं आहे ते ‘फिनपोलारिस’, बर्फातून वाट काढायला बांधलेलं फिनलंडचं जहाज. भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघालीय. एक्क्याऐंशी माणसं, हेलिकॉप्टरं, आणि तिकडे जाऊन जोडायच्या घराचे सुटे भाग. तुम्ही ब्याऐंशीवे. कोणी विचारलं तर सांगा, नांदुऱ्याहून आलोय सील बघायला. हसतील, पण जागा देतील.

पहिले काही दिवस मजेत जातात. विषुववृत्तापर्यंत हवा आपल्या जुलैसारखी दमट, अंगाला चिकटणारी. खरी परीक्षा चाळीस अंश दक्षिणेनंतर. तिथल्या वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे तो पृथ्वीभोवती मोकाट फिरतो आणि वाटेत सापडेल त्या जहाजाला झोक्यावर बसवतो. जेवणाच्या टेबलावरून वरणाची वाटी शेजाऱ्याच्या ताटात जाते. शेजारी तक्रार करत नाही, कारण तो बाहेर कठड्याला धरून उभा आहे. तुम्हीही थोड्या वेळात तिथेच असाल. इथे खिशातल्या कांद्याचा काही उपयोग नाही.

या डोलणाऱ्या जहाजावर दोन बायका आहेत: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरी जीवशास्त्रज्ञ अदिती पंत. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. पंतबाई जन्मानं आपल्या नागपूरच्या, नोकरी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. सूर्यनमस्कार घराघरात नेणाऱ्या औंधच्या राजेसाहेबांची ही नात. आता ती अशा ठिकाणी निघालीय जिथे महिनोन्‌महिने सूर्य मावळतच नाही, म्हणजे नमस्कार नक्की कधी घालायचे हा प्रश्नच. (आजोबांना तिढा आवडला असता असं आपलं मला वाटतं.)

पंतबाईंचं काम पाण्याचं. समुद्राचं पाणी वर काढायचं, बारीक गाळणकागदातून गाळायचं, कागदावर राहिलेला हिरवट डाग तपासायचा. तुम्हाला वाटेल, आपण सील बघायला आलो आणि ही कसली शेवाळमोजणी? पण तो डाग म्हणजेच इथलं वावर. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या वनस्पतींवर क्रिल नावाचे बोटाएवढे झिंगे जगतात आणि क्रिलवर जगतो खेकडेखाऊ सील. नाव खेकडेखाऊ, पण खेकड्याला तोंड लावत नाही. त्याच्या दाढा चाळणीसारख्या खाचाखाचांच्या असतात. तोंडभर पाणी घ्यायचं, दातांतून बाहेर सोडायचं, झिंगे आत. आपल्याकडे तांदूळ धुताना बोटांची चाळणी करतात तसं.

डिसेंबर संपता संपता एका सकाळी जहाज थबकतं. सकाळ म्हणायची आपली, कारण रात्र झालेलीच नाही. सगळ्यात आधी जाणवतं ते वासाचं नसणं. माती नाही, धूर नाही, झाड नाही, शेण नाही. नाक घरी विसरून आल्यासारखं वाटतं. समोर बर्फाची भिंत, तिच्या पायथ्याशी गोठलेला समुद्र, आणि त्यावर, मालगाडीतून उतरवून ठेवलेली पोती पडावीत तशी, कसलीतरी पोती पडलेली.

एक पोतं जांभई देतं.

हा वेडेल सील. जवळ जा, पण हळू, आणि हात मागे बांधून. तीन मीटर लांब, अंगावर राखाडी ठिपके, आणि एवढ्या मोठ्या धडावर भलतंच छोटं, मांजरीसारखं डोकं. तुम्हाला पाहून तो पळत नाही. जमिनीवरून चालत येऊन खाणारा प्राणी त्याच्या पूर्वजांनी पाहिलेलाच नाही, त्यामुळे दोन पायांवर येणाऱ्याला घाबरायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. एक डोळा उघडतो, ओला आणि काळाभोर. तुम्ही बिनकामाचे आहात हे त्याला कळतं. डोळा मिटतो. मग नाकपुड्या मिटतात आणि श्वास थांबतो. एक मिनिट. दोन. तीन. गेला बिचारा, असं म्हणून तुम्ही टोपी काढणार तेवढ्यात ‘फुस्स’. वाफेचा लोट, त्याला कुजक्या मासळीचा वास. झोपेत मिनिटंच्या मिनिटं श्वास धरून ठेवायची या मंडळींना सवयच असते.

पिल्लं कुठायत म्हणता? तीच तर गंमत. आपलं जहाज नेहमी याच सुमाराला येतं, कारण त्याआधी बर्फ वाटच देत नाही. पण वेडेलची बाळंतपणं होतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सहा-सात आठवड्यांत दूध सुटतं. म्हणजे आपण पोचतो तेव्हा बारसं होऊन, घुगऱ्या वाटून, पाहुणे घरी गेलेले असतात. पुढे १९९०च्या दशकात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं आली, हेलिकॉप्टरमधून सील मोजून गेली. मोजणी दुपारीच करायची, कारण ऊन चढलं की सगळे वर येऊन पसरतात. ही सवय आपल्याला समजायला जड जाऊ नये. पण बारशाला वेळेवर पोचायचं तर तुम्हाला काळाच्या गाडीत बसून थोडं मागे आणि दूरवर, खंडाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

जाता जाता एक छोटा थांबा. १९६४च्या आसपास, मॅकमर्डोचं आखात. बर्फावर लाकडी खोपटं, आत शेगडी, आणि खोपटाच्या जमिनीलाच भोक. गुडघ्यांवर बसून पाहा: काळं, डुचमळणारं पाणी. जेराल्ड कूयमन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला जाणून घ्यायचंय की सील किती खोल जातो. यंत्र? स्वयंपाकघरातलं साठ मिनिटांचं घड्याळ, अंडी उकडायला लावतात ते. त्यावर काजळी धरलेली काच, काजळीवर ओरखडा काढणारी सुई, आणि हे सगळं सीलच्या पाठीवर. यंत्र परत मिळेल कशावरून? युक्ती अशी की सीलला आणून सोडायचं ते आसपास दुसरं एकही भोक नसलेल्या जागी. श्वास घ्यायला त्याला झक मारत याच भोकाशी यावं लागतं. ओरखडे वाचले तेव्हा निघाली सहाशे मीटर खोली आणि एका बुडीची त्रेचाळीस मिनिटं. सहाशे मीटर म्हणजे किती? तुमच्या नांदुऱ्याचा हायवेवरचा एकशेपाच फुटी मारुती धरा. तसे अठरा मारुती पाण्यात एकाखाली एक उभे केले तरी तळ थोडा उरतोच.

चला, पोचलो. १९७०च्या दशकातला कुठलासा ऑक्टोबर, एरेबसचा उपसागर. नाकातले केस सुयांसारखे टोचताहेत ना? उणे वीस. पापण्या मिटल्या की चिकटतात. मागे एरेबस ज्वालामुखी चुलीसारखा शांतपणे धूर सोडतोय. बर्फावर वाट चुकू नये म्हणून बांबूच्या काठ्यांना निशाणं बांधून रोवलीत. पंढरीच्या वाटेवर आहोत असं क्षणभर वाटतं, पण इथे टाळ नाहीत. इथे आवाज आहे तो बेंबटण्याचा.

हो, शेळीचं करडू ओरडतं तसाच. बेटाच्या कडेला, भरती-ओहोटीनं बर्फ जिथे तडकतो तिथे, रांगेनं आया पडल्यात आणि प्रत्येकीजवळ एक केसाळ, राखाडी, सुरकुतलेलं गाठोडं. माशांचा, रक्ताचा आणि दुधाचा असा मिळून आंबूस वास. गोठ्यात गाय व्याली की येतो त्याचाच थोरला भाऊ. एक सील आत्ता व्यालीय. बर्फावर लालभडक डाग, त्यातून वाफ निघतेय. स्कुआ नावाचे तपकिरी दांडगे पक्षी वारेवरून भांडताहेत. पिल्लू आईच्या पोटातल्या सदतीस अंशांतून एका दमात उणे विसात पडलंय आणि लटलट कापतंय. तुम्ही मे महिन्यातून आलात, तुम्हाला त्याची कळ कळेल.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे डोनाल्ड सिनिफ यांची तुकडी १९६८पासून इथे दर वसंतात येते. तुम्ही आजचे हमाल. काम साधं वाटतं: प्रत्येक पिल्लाच्या मागच्या पायांच्या पडद्यात एकेक बिल्ला मारायचा. बिल्ला गुरांच्या कानात मारतात तसलाच, चिमटाही तसलाच. पण गाईला दावं असतं, इथे नाही. एकानं आईसमोर जाऊन तिचं लक्ष गुंतवायचं, दुसऱ्यानं पिल्लावर घोड्यासारखी मांड टाकायची. सगळा भार पायांवर, पिल्लावर नाही. आईचं तोंड तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उघडलेलं आहे, आत गुलाबी घसा आणि पिवळे दात. चारशे किलोंची बाई आहे, अदबीनं वागा. मोठ्या सीलला धरायचं झालं तर डोक्यावर पिशवी चढवतात. दिसेनासं झालं की निवळते, घाण्याच्या बैलाची झापड आठवा.

खट्ट. एक. पिल्लू तुमच्या मांडीखाली गरम, ओलं, लोकरीचं, आणि ताकद अशी की रुमणं धरल्यासारखे हात दुखावेत. खट्ट. दोन. तुम्ही आकडा मोठ्यानं ओरडता. वहीवाला तोच आकडा परत ओरडतो आणि पेन्सिलीनं लिहितो, कारण शाई गोठते. सुटताच पिल्लू आईकडे घसरत जातं. आई त्याला नाकानं हुंगते. तुमचा वास बहुतेक आवडलेला नाही, पण पोर आपलंच आहे याची खात्री होते आणि ती कुशीवर वळते.

आता दूध. दूध संघात कॅन घेऊन गेलेल्याला फॅट म्हणजे काय ते सांगायला नको. म्हशीला आठ लागली तर माणूस घरी येऊन दोनदा सांगतो. या बाईला साठपर्यंत लागते. दूध कसलं, वितळायला घेतलेलं लोणीच. जन्मताना पंचवीस-तीस किलोंचं पोर रोज दोन किलोंनी वाढतं आणि दूध सुटेतो शंभराच्या घरात जातं. आई मात्र बहुतेक काळ उपाशी. ते जाडं होतं, ती डोळ्यांदेखत उतरत जाते. आठ-दहा दिवसांतच ती त्याला पाण्याशी नेते. ते काठावर बसून बेंबटतं, ती भोकातून डोकं काढून बोलावत राहते. विहिरीवर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या काकांपेक्षा तिला धीर जास्त आहे, कारण ती मागून ढकलत नाही.

तेवढ्यात तिच्या पायांतल्या बिल्ल्यांवरून वहीवाला सांगतो की ही आई याच बेटाच्या कडेला जन्मलेली. वेडेल माद्या बाळंतपणाला आपल्या जन्मगावाच्या आसपासच परततात. आपल्याकडे पहिलं माहेरी, यांचं प्रत्येक. त्या एका वहीतून पुढे वीस हजारांवर सीलांच्या कुंडल्या झाल्या: कोण कुणाची लेक, कितव्या वर्षी व्याली, कुठल्या साली दिसेनाशी झाली. म्हातारपणी त्यांना बहुधा दातच दगा देतात. श्वासाचं भोक गोठू नये म्हणून डोकं डावी-उजवीकडे फिरवत दातांनी बर्फ तासत राहावं लागतं, आणि दात झिजले की भोक उघडं राखणं जमत नाही.

निघायच्या आधी एक करा. टोपी वर सारा आणि कान बर्फाला लावा. जळजळेल, सोसा. दोन मीटर बर्फाच्या खालून नर गातोय. आधी टिकटिक, मग वरच्या पट्टीतली एक लांबलचक शीळ, जी घसरत, घसरत, पार खर्जात जाते. जुन्या ट्रान्झिस्टरवर रात्री रेडिओ सिलोन शोधताना काटा फिरवला की असंच काहीतरी निघायचं. गळ्यानंच गातो, पण तोंड न उघडता. तुम्ही पोटावर पडून ऐकताय, शेजारी पिल्लू झोपलंय, खिशातला कांदा दगड होऊन मांडीला टोचतोय.

मांडीला टोचतोय, आणि कोणीतरी तुमच्या खिशाशी फुसफुसतंय. ओला, गरम श्वास.

डोळे उघडता तर फलाट. गाडीची अजून घोषणाच चाललीय. शेडखालची गाय उठून आलीय आणि खिशाला नाक लावून उभी आहे. तुम्ही कांदा बाहेर काढता. गारठलेला आहे, टणक, वरून पाणी सुटलंय. ती तुमच्या हातातून तो उचलते, कचकन चावते आणि थंडाव्यानं दचकून मान वर करते. तुम्ही तिच्या कानाशी वाकता आणि बिल्ल्यावरचा आकडा मोठ्यानं वाचता. बाकड्याच्या टोकाला बसलेला म्हातारा चष्म्यावरून बघतो.

“आपलीच काय हो गाय?”