दरड, दिवाळीचा किल्ला आणि स्लायडर

गणपतीला किंवा एखाद्या लाँग वीकेंडला कोकणात उतरणाऱ्या आपल्यासारख्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना महाड आणि पोलादपूर माहीत असतात ती चहा-वडापावच्या थांब्यापुरती. फार तर महाडचं चवदार तळं, रायगडाचा फाटा आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट. पण या दोन तालुक्यांचा नकाशा एकदा नीट बघा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. आणि समुद्राची भरती खाडीतून उलटी पार महाडच्या जवळपर्यंत येते. वरून डोंगराचं पाणी, खालून भरती... आणि मध्ये महाड.

२२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड शहर बुडालं. तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. म्हणजे इथल्या सहावी ते आठवीच्या पोरांसाठी बल, घर्षण आणि पाण्याचा दाब हे फक्त परीक्षेचे प्रश्न नाहीत. घरामागचा डोंगर याच तीन गोष्टींवर उभा आहे.

आता गंमत अशी की विज्ञान म्हणजे 'करून बघणं' असं आपण म्हणतो. पण डोंगर पाडून कसा बघणार? नदीला पूर आणून कसा बघणार? तिथे सिम्युलेशन उपयोगी पडतं. आणि ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेली नाही, बरं का. १९१६ साली सुरू झालेली आणि पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला स्थिरावलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था हेच करत आली आहे. नदीची किंवा बंदराची छोटी प्रतिकृती बांधायची, तीत पाणी सोडायचं, भिंत इकडची तिकडे करायची आणि काय होतं ते बघायचं. एक गोष्ट बदला, परिणाम बघा. सिम्युलेशन म्हणजे एवढंच, बाकी सगळी सजावट.

शाळेत मात्र ही कल्पना पोचायला फार वेळ लागला, आणि वाटेत दोन वेगळ्या परंपरा तयार झाल्या.

पहिली हातांची. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या शाळांमध्ये सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करणार, ही त्याची भूमिका. तिथेच अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून भूमितीचे सांगाडे बनवले. पुढे ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले आणि कचऱ्यातून खेळणी हा प्रकार आपल्याकडे घराघरात पोचला. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याचे संस्थापक संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत काम करायला गेले. तिथे त्यांना एक वेगळीच अडचण सापडली : भाषा. पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर मराठी हीच विज्ञानाच्या वाटेतली भिंत होती. भाषा सोपी केली की तीच मुलं जास्त चांगलं शिकत.

दुसरी परंपरा पडद्याची. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम टीव्हीवर बघितलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत असेल. चांगलं काम होतं, पण टीव्ही एकाच दिशेने बोलतो. 'सर, उतार जास्त केला तर?' असं पोराने विचारलं तर पडद्याकडे उत्तर नसतं. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद पडली.

या दोन परंपरा जिथे भेटतात ती जागा म्हणजे इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन. पडदा आहे, पण नॉब पोराच्या हातात. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाटून मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. बक्षिसाच्या पैशांतला काही भागही त्यात घातला. २००५ मध्ये नोआ फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या एका गटाने सर्किटचा प्रयोग खऱ्या बल्ब-वायरवर केला, दुसऱ्याने सिम्युलेशनवर. संकल्पनांच्या प्रश्नांत सिम्युलेशनवाले पुढे निघाले, आणि नंतर खरं सर्किट जोडायला दिलं तर त्यातही सरस ठरले! कारण समजण्यासारखं आहे. खऱ्या वायरीतून वाहणारी वीज दिसत नाही. सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात.

हे वाचून कोणी लगेच 'चला, प्रयोगशाळा बंद, टॅब आणा' म्हणेल तर थांबा. तो अभ्यास कॉलेजच्या मुलांचा, अमेरिकेतला, आणि तिथे माऊस मुलांच्या हातात होता. आपल्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर कितीतरी जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून 'डिजिटल' झाल्या. गावाने पदरचे पैसे घातले, ही मोठी गोष्ट आहे. पण वर्गात एकच प्रोजेक्टर आणि माऊस सरांच्याच हातात असेल, तर सिम्युलेशनची पुन्हा बालचित्रवाणी होते. पोरं बघतात, माना डोलावतात, घरी जातात.

तांत्रिक अडचण वाटते तेवढी मोठी नाही. जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशवर होती. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. पण फेटची नवी सिम्युलेशन्स एचटीएमएल५ मध्ये आहेत. एक सिम्युलेशन म्हणजे एक फाईल. पेन ड्राईव्हवर न्या, नेटशिवाय चालवा. कितीतरी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. घाटातल्या पावसाळी रेंजसाठी याहून चांगलं पॅकेजिंग नाही.

मग दरडीचं काय? त्याचं मूळ गणित कार्ल टेरझागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडलं. उतारावरची माती खाली सरकू बघते, कणांमधलं घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतात. कणांच्या फटींत पाणी भरलं की त्याचा दाब कणांना एकमेकांवरून उचलू लागतो आणि घर्षण कमी होतं. दिवाळीत किल्ला केलेल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं : कोरडी माती ओघळते, ओलसर माती बुरूज धरते, आणि कोणी अख्खा तांब्या ओतला की बुरूज बसतो. रायगडाच्या पायथ्याच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा. आधी परातीत माती, परात तिरकी करा, झारीने पाणी घाला, कधी घसरते ते मोजा. मग सिम्युलेशन : चार स्लायडर. उतार, मातीची जाडी, चिकटपणा, पाण्याची पातळी. धरून ठेवणारं बल भागिले ओढणारं बल हा आकडा १ च्या खाली गेला की उतार घसरला. परातीत जे दिसत नाही, तो आतला पाण्याचा दाब, इथे दिसेल. शेवटी खिडकीबाहेरचा डोंगर. सरळ उभी बाटली कापून, पट्टी चिकटवून रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहायचा.

दोन पथ्यं मात्र पाळायला हवीत. पहिलं, खिरोद्याचं. पडद्यावर 'भूस्खलन' नको, 'दरड' लिहा. दुसरं, आपल्या धंद्यातलं. मॉडेल म्हणजे डोंगर नव्हे. खऱ्या डोंगरात बेसाल्टवर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो, भेगा असतात, झरे असतात, कोणीतरी कापलेला रस्ता असतो. स्लायडर '१.२' दाखवतोय म्हणून घरात थांबायचं, असं पोरांनी शिकता कामा नये. उलट, मुसळधार पावसात डोंगराला नवी भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर ते घरी येऊन सांगण्याइतकं त्यांनी शिकावं.

असलं सिम्युलेशन लिहायला आपल्यातल्या कोणालाही दोन-तीन वीकांत पुरतील. परात, झारी आणि माती शाळेत आधीपासून आहेतच. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्याच इर्शाळवाडीवर दरड आली. जून दरवर्षी येतो, त्यामुळे डेडलाईन वेगळी सांगायला नको.