पावाची भट्टी झालेली मशीद

औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा मराठी वाचकाला अनोळखी नाही. रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू बादशहाच्या छावणीत कैदेत होते, तेव्हा त्यांना मायेने वागवणारी ही शहजादी. तिने दिल्लीत दर्यागंजच्या तटाजवळ लाल दगडाची एक मशीद बांधली. घुमटांवर काळे-पांढरे पट्टे, पलीकडे यमुनेचा घाट. म्हणून लोक तिला घटा मशीद म्हणू लागले. १८५७ च्या उठावानंतर गोऱ्या लष्कराने या मशिदीत बेकरी थाटली. जिथे नमाजाच्या रांगा लागायच्या तिथे पलटणीचे पाव भाजले जाऊ लागले. शहजादीची कबरही मूळ जागेवरून हलवली गेली. मशीद पुन्हा मशीद झाली ती थेट व्हाइसरॉय कर्झनच्या अमदानीत.

युद्धाने राजधानीचं काय होतं हे सांगताना आपण तोफांकडे बघतो. दिल्लीच्या मशिदींना मात्र तोफांपेक्षा नंतरच्या कागदांनी जास्त छळलं.

लढाईची झळ जामा मशिदीलाही लागली होतीच. १४ सप्टेंबर १८५७ ला काश्मिरी दरवाजा उडवून इंग्रज आत घुसले. कर्नल कॅम्पबेलची तुकडी थेट जामा मशिदीपर्यंत पोहोचली, पण कमानी विटांनी बुजवलेल्या, दरवाजा बंद आणि तो उडवायला दारूच जवळ नाही. आतून लोक बाहेर पडले, तुकडी मागे हटली. आठवड्याभरात शहर पडलं, बादशहा बहादूरशहा जफर हुमायूनच्या मकबऱ्यात पकडला गेला आणि मशिदीत शीख पलटणीचा मुक्काम पडला. ती पाडून टाकावी, तिचं चर्च करावं, अशाही सूचना निघाल्या. शहाजहानने १६५६ मध्ये पुरी केलेली ही वास्तू १८६२ साली मुसलमानांना परत मिळाली, तीही अटी घालून. त्याच वर्षी नोव्हेंबरात बहादूरशहा रंगूनला वारला.

फतेहपुरी मशिदीची गोष्ट तर बाजारातली आहे. चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाची, शहाजहानच्या एका बेगमेने बांधलेली ही मशीद सरकारने चक्क लिलावात काढली. लाला चुन्नामल या कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने ती १९,००० रुपयांना घेतली. घेतली खरी, पण त्याने ती पाडली नाही. १८७७ मध्ये सरकारने चार गावं देऊन ती सोडवून घेतली आणि मुसलमानांच्या हवाली केली. विकणारं सरकार तेच, सोडवणारंही तेच!

फैज बाजारातल्या अकबराबादी मशिदीला गिऱ्हाईकही मिळालं नाही. तीही शहाजहानच्याच बेगमेची. धर्मपंडित शाह वलीउल्लाह यांचे चिरंजीव शाह अब्दुल कादिर इथे शिकवत. उठावानंतर ती जमीनदोस्त झाली. लाल किल्ल्याभोवती तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून आजूबाजूच्या वस्त्या, हवेल्या साफ झाल्या. बल्लीमारानात बसून कवी गालिब मित्रांना पत्रांतून या पाडापाडीची खबर कळवत राहिला. हिंदूंना शहरात परतायची मुभा १८५८ च्या सुरुवातीला मिळाली. मुसलमानांना बरंच अधिक ताटकळावं लागलं.

२०१२ मध्ये सुभाष पार्कात मेट्रोसाठी खणताना जुन्या भिंती लागल्या. हीच अकबराबादी, असा दावा झाला, लोक नमाज पढू लागले आणि प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं.