माळवद, स्लॅब आणि संहिता

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या घराचे माळवद १९७८ साली उतरवले. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी तो चोपून घ्यावा लागे. गळतीला कंटाळून वडिलांनी स्लॅब ओतला. पुढच्याच वैशाखात आईने अंथरूण अंगणात नेले.

छतातून किती ऊन आत यावे, हे कायद्याने फार उशिरा विचारले. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २००७ ची इमारत संहिता मोठ्या व्यापारी इमारतींपुरती. राहत्या घरांसाठी 'इको-निवास संहिता' आली ती डिसेंबर २०१८ मध्ये. आतबाहेर एका अंशाचा फरक असता छताच्या चौरस मीटरमधून १.२ वॉटहून अधिक उष्णता जाऊ नये, असे तिने ठरवले. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून अधिक सोडतो.

मात्र ती संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. आमच्या गल्लीत एवढी जागा कोणाचीच नाही.

माळवद आम्हीच उतरवले, हे खरे. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला असता, तरी ताप काहीसा कमी झाला असता. तसे सांगणारा नियम तेव्हा नव्हता. आला, तेव्हा आमच्या दारापर्यंत पोचला नाही.