सोनं आणि गोळा

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात कापूस, सुमारे १४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा! कापसाची आग आतल्या आत कशी धुमसते, हे आम्हा यवतमाळकरांना सांगायला नको. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान.

पुढे गोदीच्या गाळात सोनं सापडलं, तसा २०११ साली जिवंत तोफगोळाही. सोनं ओळखता येतं. गोळा जिवंत की मेलेला, हे गंजावरून कळत नाही. जुना झाला की तो उलट बेभरवशाचा होतो.

भाच्याने मेटल डिटेक्टर घेतलाय, म्हणून लिहितो. असं काही दिसलं तर हात लावू नये, घासू नये, फोटोसाठी हलवू नये. जागा लक्षात ठेवून दूर व्हावं, इतरांना अडवावं, ११२ ला कळवावं. ओळख पटवणं बॉम्बशोधक पथकाचं काम.