मुसा बुसी आणि मुसा रेमू : दख्खनमधील फ्रेंच आडनावांची स्थित्यंतरे

अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत फ्रेंच सरदारांचे उल्लेख शोधू लागले की 'मुसा' हा लहानसा शब्द अभ्यासकाला चकवितो. १७५१ साली सलाबतजंगाबरोबर औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आलेला सेनानी 'मुसा बुसी'. आणि १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने उभा राहिलेला रेमाँ हा 'मुसा रेमू'. या दोघांत चार दशकांहून अधिक अंतर आहे, आणि कुळाचा संबंध तर मुळीच नाही. 'मुसा' हे नाव समजून सूची केली, तर मात्र दोघे एकाच घराण्यातले होऊन बसतात.

वस्तुतः 'मुसा' हे नावही नव्हे आणि आडनावही नव्हे. 'मस्यू' या फ्रेंच आदरार्थी संबोधनाचे ते दख्खनी रूप आहे. 'माझा स्वामी' हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यातील उत्तरपदाच्या मुळाशी 'वयाने वडील' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. दख्खनच्या कानाला मुसा पैगंबराचे नाव परिचित होते. तेव्हा परका ध्वनी त्या ओळखीच्या घरात शिरला, यात नवल नाही.

मागे राहिलेल्या आडनावांची कथा अधिक बोधप्रद आहे. फ्रेंच आडनावे मुख्यतः गाव, धंदा, पूर्वजाचे नाव आणि टोपणनाव या चार उगमांतून आली. 'कर'-अन्त्य नावे, सुतार-कुलकर्णी, बहिरे-बोबडे अशी आडनावे नित्य ऐकणाऱ्या मराठी वाचकाला हे उगम परके वाटू नयेत. बुसीचे कुलनाम 'पातिसिये' होते. त्याचा अर्थ गोड पक्वान्ने भाजणारा. आपल्याकडील हलवायाच्या जवळचा. 'द बुसी' हा पुढचा भाग स्थलवाचक. १७५३ मध्ये औरंगाबादेत निजामाकडून उत्तर सरकारांचा प्रदेश मिळविणाऱ्या या पुरुषाचे धंदेवाचक कुलनाम मागे पडले आणि स्थलनाम तेवढे इतिहासात टिकले. मराठी कारकुनाने त्यातला 'द'ही गाळला, कारण त्याची आवश्यकता 'मुसा'ने भागविली होती.

महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा निर्माता द ब्वान्य याचे उदाहरण याहून बोलके आहे. १७५१ साली साव्हॉयमधील शांबेरी येथे जन्मलेल्या या गृहस्थाचे कुलनाम 'लबोर्न्य', म्हणजे 'एकाक्ष'. असे नाव कोणाला मिरवावेसे वाटेल? त्याने ध्वनी थोडा बदलला, आरंभी 'द' जोडला, आणि शारीरिक व्यंगाचे नाव खानदानी भासू लागले. म्हणून 'द' दिसताच अमीरउमराव समजणे धोक्याचे आहे. त्याचा उत्तराधिकारी पेराँ याचेही मूळ आडनाव 'क्युइये' असे होते. 'पेराँ' हे पिएर या त्याच्या नावाचे लाडके रूप. खर्ड्यास रेमाँ निजामाकडून आणि पेराँ शिंद्यांकडून उभे होते. त्यांपैकी पहिल्याचेच नाव जन्माचे होते. 'मंत्रणा' आणि 'रक्षण' या अर्थांच्या दोन जर्मानिक पदांचा तो जुना समास होय.

फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या सक्तीच्या केल्या, आणि १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीबाहेरचे नाव धारण करण्यास बंदी घातली. तिकडे नावे अशी बांधली जात असता ही माणसे समुद्रापलीकडे नवी नावे घेऊन वावरत होती.

उलट दिशेचा प्रवासही घडला. बुसीच्या पलटणीत वाढलेला इब्राहिमखान पुढे पेशव्यांकडे आला आणि १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मारला गेला. इतिहासात तो 'गारदी' म्हणूनच ओळखला जातो. हा शब्द 'रक्षक' या अर्थाच्या फ्रेंच 'गार्द'वरून आला असे सामान्यतः मानतात. फ्रेंच सामान्यनाम दख्खनी माणसाच्या नावामागे आडनावासारखे जडले. १७७३ मध्ये नारायणरावांच्या वधानंतर तोच शब्द मराठीत मारेकऱ्याच्या छायेने काळवंडला. अर्थ असा बदलतो. कोशातील व्युत्पत्ती तो सांगत नाही.

गोवा-वसईची पोर्तुगीज आडनावे या कथेहून निराळी. ती बाप्तिस्म्याबरोबर आली आणि वंशपरंपरेने रुजली; वसईतील पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्ये संपली तरी ती टिकली. 'परेरा' म्हणजे नासपतीचे झाड, 'फर्नांडिस' म्हणजे फर्नांडोचा पुत्र. पण वसईच्या परेरांच्या वाडीत नासपती शोधणे व्यर्थ, कारण नाव रुजले ते अर्थाने नव्हे, दीक्षेने. दख्खनमधील फ्रेंच नावांमागे अशी संस्था नव्हती. ती फौजांबरोबर आली व फौजांबरोबर गेली. १७९८ च्या मार्चमध्ये रेमाँ हैदराबादेत वारला आणि त्याच वर्षी त्याची फ्रेंच पलटण इंग्रजांनी मोडून टाकली.

मागे राहिले ते संबोधनच. रेमाँला मुसलमान 'मुसा रहीम' आणि हिंदू 'मुसा राम' म्हणत, असे सांगतात. हैदराबादेतील मुसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावाची मानली जाते, आणि आज तेथील मेट्रो स्थानकाच्या पाटीवरही तेच नाव आहे.