चौर्योन्माद: नाव आधी, उपचार दीडशे वर्षांनी

खिशात पैसे असतात, वस्तूची गरज नसते, तरीही हात पुढे जातो. उचलण्यापूर्वी ताण असह्य होतो, उचलताना क्षणभर सुटका मिळते आणि मागाहून उरते ती शरम. या वर्तनाला १८१६ मध्ये स्विस वैद्य आंद्रे मॅथे यांनी वैद्यकीय नाव दिले. १८३८ च्या सुमारास एस्किरोल आणि मार्क या फ्रेंच वैद्यांनी 'क्लेप्टोमेनिया' ही संज्ञा रूढ केली.

नाव मिळाले, उपचार मात्र नाही. पुढे पॅरिस आणि लंडनमध्ये भव्य दुकाने उभी राहिली आणि हा विकार दवाखान्याऐवजी न्यायालयात गाजू लागला. श्रीमंत घरची स्त्री 'रुग्ण' ठरे, गरीब स्त्री 'चोर'. निदानावरचा हा संशय पुढे दीर्घकाळ टिकला.

वर्तनोपचाराने प्रश्नच बदलला. दोषी की आजारी, हा वाद बाजूला ठेवून त्याने विचारले: ऊर्मी कधी येते आणि ती शमल्यावर काय मिळते? चोरीनंतर ताण उतरतो आणि ती सुटकाच सवयीला बळ देते. ही साखळी तोडायची. १९६० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ कॉटेला यांनी त्यासाठी कल्पनेचा आधार घेतला. रुग्णाने मनातल्या मनात वस्तूकडे हात न्यायचा आणि त्याच क्षणी मळमळ, ओकारी अनुभवायची. हात मागे घेतला की हायसे वाटायचे.

१९८५ मध्ये ग्लोव्हर यांनी चौदा वर्षे रोज दुकानांतून चोरी करणाऱ्या एका स्त्रीवर हीच पद्धत वापरली. पुढील १९ महिन्यांत तिचा तोल एकदाच गेला.

हे यश आशादायक असले, तरी आधार तोकडा आहे. वर्तनोपचाराची भिस्त अजूनही मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींवर आहे. नाल्ट्रेक्सोन या औषधाच्या २००९ मधील नियंत्रित चाचणीतही अवघे २५ रुग्ण होते.

इतके थोडे रुग्ण का, याचे एक उत्तर या विकारातच आहे. येथे लक्षण सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा त्याची अयोग्यता न कळणाऱ्याला संरक्षण देते. चौर्योन्मादी व्यक्तीला दोन्ही कळत असतात. आवरता येत नाही, इतकेच. म्हणूनच पोलीस ठाण्याआधी दवाखान्याची वाट सापडणे, हाच तिच्यासाठी खरा उपाय आहे.