सेलैयूरची सर्पशाळा

चेन्नईहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी तांबरमला थांबते. या स्थानकाच्या पूर्वेस सेलैयूर नावाचे खेडे होते. आज ते वाढत्या शहरात विरून गेले आहे. १९७० च्या सुमारास रोम्युलस व्हिटेकर या तरुणाने येथे एक लहानशी सर्पशाळा उभी केली. व्हिटेकर यांचा जन्म १९४३ साली न्यूयॉर्क येथे झाला. बालपणीच ते भारतात आले आणि कोडाईकनालच्या शाळेत शिकले. पुढे फ्लॉरिडात बिल हास्ट यांच्या सर्पालयात त्यांनी काही काळ उमेदवारी केली. साप धरण्याची विद्या त्यांनी तेथे पाहिली होती, ठेवण्याचीही पाहिली होती. परंतु अमेरिकेतली ठेवण्याची रीत तांबरमच्या उन्हात कितपत चालावी?

साप ठेवणे म्हणजे त्याला नुसते कोंडणे नव्हे. सापाच्या देहात मनुष्याप्रमाणे स्वतःची ऊब निर्माण होत नाही. ऊन हवे तेव्हा तो उन्हात येतो, नको तेव्हा बिळात शिरतो, आणि अशा येरझारा घालून तो आपले पचन, हालचाल व आरोग्य सांभाळतो. त्याला पेटीत घातले की ही निवड त्याच्या हातून जाते आणि ठेवणाऱ्यावर येते. ठेवणारा चुकला, तर साप खाल्लेले पचवू शकत नाही, किंवा तापून मरतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. जगातील असे ते पहिलेच घर मानले जाते. तीनच वर्षांनी, १८५२ मध्ये, रात्रभर मद्यपान करून आलेल्या एका रखवालदाराने सकाळी तेथला नाग बाहेर काढला. नाग त्याच्या नाकाला डसला व तो मनुष्य दगावला. कुलूप होते, पण किल्ली त्याच्याच हाती होती! पुढे १९२७ साली जोन प्रॉक्टर या विदुषीच्या आराखड्यानुसार नवे घर झाले. प्रत्येक पिंजऱ्याला विजेची ऊब आणि ती सर्वत्र सारखी नाही, ही त्यातली मर्माची गोष्ट. एक बाजू उष्ण, दुसरी थंड. कोठे बसावे ते सापाने ठरवावे. बाईंना अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले, पण सापाला त्याची निवड परत मिळाली ती त्यांच्या या योजनेमुळे.

थंड देशांत घरी साप पाळणारे लोक आज जी तापवलेली मांडणी वापरतात, ती याच तत्त्वावर उभी असते. कपाटासारखे खण, त्यांत सरकणारे डबे, आणि डब्यांच्या एका टोकाखालून जाणारी विजेची पट्टी. डबा खणात इतका बेताचा बसावा लागतो की वरची फळी हेच त्याचे झाकण होते. बोटभर फट राहिली तरी साप रात्रीत पसार होतो. विजेचा धोका अधिक सूक्ष्म आहे. उष्णता मोजणारी कळ पट्टीवरून घसरून थंड हवेत लोंबू लागली, तर तापनियंत्रकाला जागा थंडच भासते आणि तो वीज चालू ठेवतो. खालून भाजत असतानाही साप पुष्कळदा जागचा हलत नाही. म्हणून जाणते लोक पहिला नियंत्रक बिघडल्यास वीज तोडणारा दुसरा नियंत्रक बसवतात.

तांबरमला मात्र सगळा हिशेब उलटा. मे महिन्यात तेथला पारा ४० अंशांच्या घरात जातो, आणि तेवढी उष्णता बंद पेटीतल्या बहुतेक सापांना घातक ठरते. येथे ऊब देण्याचा प्रश्न नव्हता, काढून घेण्याचा होता. तो सोडवण्यासाठी कोठे लांब जावे लागले नाही. चेंगलपट्टूच्या परिसरात इरुळ नावाची जमात राहते. वारुळे व बिळे खणून उंदीर आणि साप धरण्यात तिचा हातखंडा. कातड्यांच्या व्यापाऱ्यांना साप विकून कित्येक इरुळ कुटुंबे पोट भरीत.

१९७२ साली सर्पशाळा चेन्नईतील गिंडी येथे गेली, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९७६ मध्ये सर्पचर्माच्या निर्यातीवर बंदी आली. सापांच्या दृष्टीने हे इष्टच होते. इरुळांच्या चुली मात्र विझू लागल्या. कायदा करणाऱ्यांना अशा चुली सहसा दिसत नाहीत. यातून मार्ग म्हणून १९७८ साली इरुळ सर्पग्राहकांची सहकारी संस्था स्थापन झाली. साप मारायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार जिवंत धरायचे, विष काढायचे आणि त्यांना रानात सोडायचे. ते विष वाळवून प्रतिविष बनवणाऱ्या संस्थांना विकले जाते.

समुद्रकाठच्या वडनेम्मेली येथे हे साप ज्यात राहतात ते पाहून मराठी मनुष्याला बत्तीस शिराळा आठवावे. नागपंचमीसाठी धरलेले नाग शिराळकर मडक्यात ठेवीत. न्यायालयाच्या आदेशाने पुढे ती प्रथा थांबली. वडनेम्मेलीतही मडकेच आहे. अर्धे वाळूने भरलेले, तोंडाला सुती कापड घट्ट बांधलेले. मातीच्या सच्छिद्र अंगातून ओल झिरपते, वाफ होऊन जाते आणि आतली हवा निवते. कापडातून वारा खेळतो. अंधारात साप शांत पडून राहतो. हे जणू हातात धरता येणारे वारूळच. वीज नाही, म्हणून वीज बिघडण्याचे भयही नाही. उणीव एकच, साप आत असताना दिसत नाही. कापड सोडणाऱ्याचा हात सावध हवा, आणि इरुळांचा हात तसा आहे. २०२३ साली वडिवेल गोपाल व मासी सडैयन या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली, ती याच विद्येसाठी.

मडक्यातला मुक्काम काही आठवड्यांचाच असतो. त्या अवधीत ठरावीक दिवसांच्या अंतराने विष काढतात आणि मग सापाला सोडतात. सोडण्यापूर्वी पोटावरील खवल्याची कड किंचित कापून खूण करतात. तोच साप लवकरच पुन्हा हाती लागला, तर इरुळ त्याला उलटा करून ती खूण पाहतो आणि मडक्यात न घालता तेथल्या तेथे सोडून देतो.